'जेवून राहिलो, झालं की करतो': व्हेनपुढे कोणता वर्तमानकाळ?

नागपूरच्या मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑफिसात नोकरी करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी ग्राहकाला लिहिलं, 'आय विल सेंड द फाइल व्हेन आय चेक इट.' साहेबांनी 'चेक' खोडून 'हॅव चेक्ड' केलं. ताईंनी धडा घेतला आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'आय विल कॉल यू व्हेन द कुरिअर हॅज कम.' तर साहेबांनी 'हॅज कम' खोडून 'कम्स' केलं. कारण विचारलं तर म्हणाले, कानाला बरं वाटत नाही. ताई म्हणतात, "मला इंग्रजीचा कान नाही, मला नियम सांगा. व्हेन, आफ्टर, अंटिल यांच्यापुढे साधा वर्तमानकाळ कधी आणि पूर्ण वर्तमानकाळ कधी?"

ताई, साहेबांनी दोन्ही वेळा बरोबरच केलं. फक्त कारण सांगता आलं नाही, आणि त्यात त्यांचा फार दोष नाही. नागपुरात इंग्रजी शिकवायला लागून मला 27 वर्षं झाली, त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मीही 'वाचून वाचून कळेल' असंच सांगत होते. पण या प्रश्नासाठी लागणारा कान तुमच्याकडे आहे. तो मराठी आहे, एवढंच.

आधी 'विल'चा काटा काढू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. भविष्यातली गोष्ट असली तरी व्हेनच्या वाक्यात 'विल' येत नाही. 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम' हे शाळेपासून खोडलं जातं, पण का ते कुणी सांगत नाही. जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचं वेगळं रूप नव्हतंच, वर्तमानकाळावरच भागायचं. 'विल' हे मुळात इच्छा करणे या अर्थाचं क्रियापद. ते मुख्य वाक्यात भविष्याच्या कामाला लागलं, पण व्हेन, टिल, बिफोरच्या घरात त्याला शिरकाव मिळाला नाही. तिथे जुनीच वहिवाट चालू राहिली.

यात परकं असं काही नाही. आपणही 'पाऊस थांबेल तेव्हा निघू' असं क्वचितच म्हणतो. आपण म्हणतो, 'पाऊस थांबला की निघू.' पाऊस तर धो धो चालू आहे, आणि आपण 'थांबला' म्हणतो! बाहेरच्या माणसाला हे भूतकाळाचं रूप वाटेल, आपल्याला वाटत नाही. म्हणजे 'की'च्या आधी भविष्यकाळ टाकून द्यायची खोड मराठीलाही आहे. इंग्रजी त्या जागी वर्तमानकाळ बसवते, आपण 'आला, थांबला, वाचला' बसवतो.

तुमचा घोटाळा इथेच झालाय. तुमच्या मनात 'कुरिअर आला की फोन करते' हे वाक्य होतं. 'आला' म्हणजे येणं पुरं झालं, आणि पुरं झालं म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, म्हणून 'हॅज कम'. हिशोब चुकीचा नाही. अडचण अशी की 'की'च्या आधी मराठी सगळ्याच क्रियापदांना हेच रूप देते. आला की, थांबला की, वाचला की, तपासली की, सगळं एकाच मापात. त्यामुळे 'की'वरून कोणता वर्तमानकाळ घ्यायचा हे कळूच शकत नाही. कळतं ते दुसऱ्या एका शब्दावरून. तो मला माझ्याच वर्गातल्या एका मुलाने शिकवला.

धरमपेठेत तेव्हा संध्याकाळची बॅच असायची. हा मुलगा महालातून यायचा. डबा खाऊन राहिला होता, तेवढ्यात आईचा फोन आला. तोंडात घास, आणि म्हणाला, "आई, जेवून राहिलो नं. झालं की करतो." फोन ठेवला. मी फळ्यावर नेमके हेच दोन काळ लिहीत होते, आणि हातातला खडू तसाच राहिला. 'जेवून राहिलो' आणि 'जेवून झालं'. पुण्याकडचे लोक आपल्या 'करून राहिलो'ला हसतात, हसू द्या. चालू असलेलं काम आणि उरकलेलं काम यांची इतकी लख्ख जोडी मला दुसरीकडे सापडलेली नाही. एक 'राहिलो', एक 'झालं'.

त्या दिवसापासून मी वर्गात एकच कसोटी वापरते. व्हेनच्या वाक्यातली क्रिया मराठीत '-ऊन झाल्यावर' किंवा '-ऊन झालं की' लावून म्हणून बघायची. सहज म्हणता आलं आणि तोच अर्थ हवा असला, तर इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ. म्हणताना जीभ अडखळली, तर साधा वर्तमानकाळ.

तुमचीच वाक्यं घ्या. 'फाइल तपासून झाल्यावर पाठवते.' अगदी सहज येतं, तेव्हा 'व्हेन आय हॅव चेक्ड इट'. आता 'कुरिअर येऊन झाल्यावर फोन करते' असं म्हणून बघा. कोणी म्हणेल का? येणं ही काही करत बसायची आणि मग उरकायची गोष्ट नाही. दारात पाऊल पडलं की येणं झालं. म्हणून 'व्हेन द कुरिअर कम्स'. 'हॅज कम' ही व्याकरणाची चूक नव्हे, पण नुसतं जड होतं आणि हातात जास्तीचं काही येत नाही. याउलट 'कुरिअर येऊन गेला की' हे आपण म्हणतो, आणि ब्रिटिश माणूस त्यासाठी 'व्हेन द कुरिअर हॅज बीन' म्हणतो. 'हॅज बीन' म्हणजे येऊन गेला.

कसोटी चालते कारण क्रियापदांच्या मुळात दोन जाती आहेत. पोचणे, निघणे, सुरू होणे, सापडणे, मिळणे, बेल वाजणे ही क्षणात घडणारी कामं. त्यांना मधला भाग नसतो, म्हणून सुरुवात आणि शेवट एकच. विदर्भ एक्सप्रेस वर्ध्याला पोचली, म्हणजे पोचली. 'कॉल मी व्हेन यू रीच वर्धा.' वाचणे, लिहिणे, तपासणे, जेवणे, रंगवणे, भरणे यांना मात्र सुरुवात आहे, मधला पसारा आहे आणि शेवट आहे. अशा क्रियापदापुढे नुसता साधा वर्तमानकाळ ठेवला की ऐकणाऱ्याला कळत नाही, तुम्ही पसाऱ्यातल्या कुठल्या टोकाबद्दल बोलताय. बहुतेक वेळा तो 'त्या वेळीच', 'करतानाच' असा अर्थ घेतो. 'आय विल सेंड द फाइल व्हेन आय चेक इट' यातून ग्राहकाला असं वाटू शकतं की तपासायला घेईन तेव्हा पाठवून देईन. फाइल तपासलेली असेल याची हमी त्यात नाही, आणि ग्राहकाला तर तीच हवी होती.

हे नुसतं कीस काढणं नाही. याची किंमत मी एक कूलरची मोटर देऊन मोजली आहे.

आमच्या वरच्या खोलीत केरळचा एक विद्यार्थी भाड्याने राहायचा. मराठी येत नाही, हिंदी जेमतेम, म्हणून सगळ्या सूचना मी इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून चिकटवायची. मे महिना, पारा 45च्या वर, आणि खिडकीला आपला नेहमीचा पत्र्याचा कूलर. मी घाईत लिहिलं, 'व्हेन यू फिल द टँक, स्विच ऑन द पंप.' माझ्या डोक्यात 'टाकी भरली की मोटर चालू कर' होतं. त्याने वाचलं ते 'टाकी भरताना मोटर चालू कर'. बिचाऱ्याने तसंच केलं. आधी बटण दाबलं, मग पाइप टाकीत सोडला. दुपारची वेळ, नळाला धार करंगळीएवढी. पाणी मोटरपर्यंत चढायला वेळ लागला, तोवर मोटर कोरडीच फिरत राहिली. संध्याकाळी मी वर गेले तर जळका वास आणि हा ओशाळून उभा. मोटर गेली याचं काही नाही, पण पाणी भरताना कूलरला वीज चालू होती हे लक्षात आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पत्र्याच्या कूलरचा शॉक काय असतो हे नागपूरकराला सांगायला नको.

नवी मोटर बसवल्यावर नवी चिठ्ठी लावली. तिच्यात दोन ओळी होत्या, आणि वर्गात आजही मी त्याच दोन ओळींनी सुरुवात करते. 'व्हेन यू फिल द टँक, स्विच ऑफ द कूलर. व्हेन यू हॅव फिल्ड द टँक, स्विच इट ऑन.' पहिली ओळ भरतानाची, म्हणून साधा वर्तमानकाळ. दुसरी भरून झाल्यावरची, म्हणून पूर्ण. टाकी तीच, कामही तेच. दोन ओळींत फरक आहे तो या काळाचा, आणि त्यावर चालू करायचं की बंद हे ठरतं. खरं तर पहिल्या ओळीत 'बिफोर यू फिल द टँक' लिहिलं असतं तर आणखी बरं झालं असतं, तेही पुढच्या वर्षी केलं.

आता कसोटीचे कानेकोपरे.

क्षणात घडणारी क्रिया एकाने केली तर क्षणाची, पण पुष्कळांनी केली तर तिलाही पसारा येतो. 'पाहुणा आला की ताटं घ्या' यात 'व्हेन द गेस्ट अराइव्ज'. पण लग्नातली पंगत सगळे जमल्यावर बसवायची, आणि लोक तर तासभर येतच राहतात. तिथे 'व्हेन ऑल द गेस्ट्स हॅव अराइव्ह्ड' जास्त नेमकं. मराठीतही 'सगळे येऊन झाले की' हे तेव्हा कानाला खटकत नाही, बघा. काटोलकडचा एक विद्यार्थी घरच्या संत्र्याच्या बागेवर निबंध लिहीत होता. त्याने लिहिलं, 'माय फादर पेज द वर्कर्स व्हेन दे पिक द ऑरेंजेस.' मी विचारलं, तोडणी चालू असताना रोजच्या रोज पैसे देतात, की सगळी बाग उतरवून झाल्यावर? म्हणाला, मॅडम, तोडणी झाल्यावर एकदम. मग 'हॅव पिक्ड' कर, म्हटलं. यातून आणखी एक गोष्ट दिसते. हा सगळा प्रकार फक्त भविष्याचा नाही. रोजची रीत सांगतानाही हाच फरक चालतो.

वाक्यात किती वेळ किंवा किती वेळा हे आलं, तर मात्र निवडीचा प्रश्न उरत नाही. वाहन परवान्याचं उदाहरण सगळ्या तरुण मुलांना लगेच कळतं. शिकाऊ परवाना मिळून 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याला अर्ज करता येत नाही. 'यू कॅन अप्लाय व्हेन यू हॅव हॅड द लर्नर्स लायसन्स फॉर 30 डेज.' इथे 'व्हेन यू हॅव इट फॉर 30 डेज' लिहिलं की वाक्य लंगडतं, कारण 30 दिवस साचत गेले आहेत आणि साचलेलं मोजायला पूर्ण वर्तमानकाळच लागतो. तसंच 'दोनदा वाचून झालं की सही कर' यासाठी 'साइन इट व्हेन यू हॅव रेड इट ट्वाइस'. जाता जाता, इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'रीड' आणि 'रेड' सारखेच दिसतात, आपल्या देवनागरीत वेगळे. मुलं मोठ्याने 'हॅव रीड' वाचतात त्याचं कारण ते स्पेलिंग आहे.

'फिनिश' आणि 'कम्प्लीट' या क्रियापदांनी मुलांना फार छळलंय. 'व्हेन आय फिनिश' की 'व्हेन आय हॅव फिनिश्ड'? दोन्ही चालतं. संपणं हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे, त्यामुळे 'हॅव' लावून वेगळं सांगायला फारसं उरत नाही. परीक्षेत गाळलेली जागा भरायला हे क्रियापद देणाऱ्यांचा मला रागच येतो. 'आफ्टर' आणि 'वन्स' यांचंही बरंचसं असंच. आधी काय आणि नंतर काय हे त्या शब्दांनीच सांगून टाकलेलं असतं. 'आफ्टर आय चेक इट' लिहिलं असतंत तर साहेबांनी कदाचित पेन उचललंही नसतं. तरी लांबलचक कामाच्या बाबतीत मी 'आफ्टर'पुढेही पूर्ण वर्तमानकाळच पसंत करते. 'ॲज सून ॲज'ला मात्र व्हेनचाच न्याय. 'ॲज सून ॲज आय गेट होम', पण 'ॲज सून ॲज आय हॅव हॅड अ बाथ'. घरी पोचणं क्षणाचं, आंघोळ पसाऱ्याची.

'बिफोर'मध्ये खरी गंमत आहे आणि ती पुस्तकं उरकून टाकतात. मराठीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मी बोलायच्या आधी तो उठला' आणि 'माझं बोलून व्हायच्या आधी तो उठला'. पहिल्यात मी तोंडही उघडलेलं नाही. दुसऱ्यात मी बोलतेय आणि हा अर्ध्यातून चाललाय. इंग्रजीतही अगदी हेच. 'ही ऑलवेज लीव्ज बिफोर आय स्पीक', आणि 'ही ऑलवेज लीव्ज बिफोर आय हॅव सेड एव्हरीथिंग'. ज्या ज्या ठिकाणी मराठीत 'होणे' डोकावतं, तिथे इंग्रजीत 'हॅव' डोकावतं. 'आधी' असूनसुद्धा पूर्ण वर्तमानकाळ कसा, असं मुलं विचारतात. अपूर्ण राहिलेलं सांगायलाही पूर्णत्वाचं रूपच लागतं, कारण पुरं होण्याच्याच आधी म्हणायचंय.

'अंटिल'चंही तसंच. पाणी उकळेपर्यंत थांब, 'वेट अंटिल द वॉटर बॉइल्स'. पण करार वाचून होईपर्यंत सही नको, 'डोंट साइन अंटिल यू हॅव रेड इट'. उकळी फुटते तो क्षण, वाचणं हा पसारा. 'वाइल' म्हणजे मुळातच 'करून राहिलो असताना'. उरकलेल्या कामाला तिथे जागा नाही, म्हणून पूर्ण वर्तमानकाळ तिथे शोधूच नका.

'बाय द टाइम'ची मुलं उगाच धास्ती घेतात. त्यात पूर्णत्व बहुधा मुख्य वाक्याकडे जातं आणि बाय द टाइमच्या भागात साधा वर्तमानकाळ बसतो. 'बाय द टाइम द ट्रेन रीचेस वर्धा, वी विल हॅव ईटन.' गाडी वर्ध्याला पोचेपर्यंत आमचं जेवून झालेलं असेल. मराठीतलं 'झालेलं' कुठल्या अर्ध्यात पडलंय ते बघा, इंग्रजीतलं 'हॅव' त्याच अर्ध्यात सापडेल.

आणखी एका जागी हुशार मुलंही फसतात. व्हेनपुढे विल नाही हे एकदा घोकलं की 'आय डोंट नो व्हेन ही विल कम' हेसुद्धा ती चूक म्हणून खोडतात. ते बरोबर आहे, खोडू नका. इंग्रजीत 'व्हेन' एकच, पण मराठीत त्याचे दोन शब्द होतात, 'कधी' आणि 'तेव्हा'. 'तो कधी येईल माहीत नाही' यात व्हेन म्हणजे कधी, प्रश्नाचा. तिथे 'विल' खुशाल येऊ द्या. 'तो येईल तेव्हा सांगते', 'तो आला की सांगते' यात व्हेन म्हणजे तेव्हा, तिथे 'विल'ला बंदी. 'कधी' बसतंय की 'तेव्हा', एवढं मनात म्हणून बघितलं की झालं. आजवर वर्गातलं कुठलंच पोर यात दुसऱ्यांदा चुकलेलं मला आठवत नाही.

कसोटी कुठे दगा देते तेही सांगते. जाणीव आणि स्थिती दाखवणारी क्रियापदं, म्हणजे माहीत असणे, जवळ असणे, तयार असणे, यांना 'होऊन झाल्यावर' लागत नाही आणि इंग्रजीतही साधा वर्तमानकाळच येतो. 'टेल मी व्हेन यू आर रेडी.' इथवर ठीक. पण 'ठरवणे', 'समजणे', 'विसरणे' यांच्यापाशी मराठी कान गोंधळतो. 'ठरवून झाल्यावर' आपण फारसं म्हणत नाही, 'ठरलं की' म्हणतो, आणि इंग्रजीत मात्र 'व्हेन यू हॅव डिसाइडेड' छान चालतं. अशा वेळी कसोटी थोडी वळवायची. त्या क्रियेचा परिणाम हातात धरून पुढचं पाऊल टाकायचंय का, हे विचारायचं. निर्णय हातात आल्यावरच फोन करायचा असेल तर 'हॅव'.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी तुमचं आणखी एक वाक्य जोडलं होतं, साहेबांच्या नजरेतून सुटलेलं: 'आय विल रिप्लाय व्हेन आय स्पीक टू अकाउंट्स.' आता तुम्हीच म्हणून बघा. अकाउंट्सशी बोलताना उत्तर देणार आहात, की बोलून झाल्यावर? बोलून झाल्यावर असेल तर तिथे 'हॅव स्पोकन' करा. आणि मेल अजून गेला नसेल तर साहेबांनी बघायच्या आधीच करा.